बेबी कोणाच्या रिटर्नमध्ये?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. काही रहिवाशांनी मागितल्यामुळे थोडा आवरून स्मरणिकेसाठी दिला आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी जुलै महिन्यातला माणूस. एरवी मला कोण विचारतो?" तुम्हाला माहीतच आहे, निवृत्तीनंतर दर जुलैत मी सोसायटीच्या ऑफिसात टँकरच्या चलनांच्या ढिगाशेजारी लॅपटॉप उघडून बसतो आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून देतो. मी सीए नाही. बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, एवढंच. फी म्हणून चहा मिळतो, आणि सी विंगमधून कधी कधी थालीपीठ.

त्या टेबलावर बसून एक गोष्ट लक्षात आली. घरातली भांडणं बाहेर दिसत नाहीत, पण रिटर्नमध्ये दिसतात. आई एक असते, मुलं दोन असतात आणि दोघांच्याही रिटर्नमध्ये तीच आई असते. शाळेची पावती एक, पण ती नवऱ्याच्या ऑफिसातही गेलेली असते आणि बायकोच्याही. आजचा विषय तोच आहे. एकाच माणसासाठी घरातल्या दोघांनी सवलत मागितली तर खरी कोणाची, आणि आधीच मागून झाली असेल तर निस्तरायचं कसं.

सुरुवात दुसऱ्या कोणाच्या घरापासून करणं सोपं होतं. पण या बाबतीतली सर्वांत मोठी चूक माझ्याच घरी झाली आहे, तेव्हा ती आधी सांगतो.

आमची बेबी तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. माझी सर्वांत धाकटी बहीण. जन्मापासून बौद्धिक अपंगत्व, प्रमाणपत्रावर ६० टक्के. गेटजवळच्या बाकावर बसून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायची. आई होती तोवर दोघीही आमच्याकडे, याच सोसायटीत होत्या. त्या काळात कलम ८०डीडीची सवलत मी घेत होतो, आणि ती रास्तच होती. अपंग व्यक्ती आपल्यावर अवलंबून असेल आणि तिच्या उपचारावर, प्रशिक्षणावर किंवा सांभाळावर आपण खर्च करत असू, तर आपल्या उत्पन्नातून ७५,००० रुपये वजा मिळतात. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्च किती झाला याचा हिशेब लागत नाही, ठरलेली रक्कम मिळते.

आई मार्च २०२१ मध्ये गेली. जूनमध्ये बेबी नाशिकला धाकट्या भावाकडे राहायला गेली, कारण तिथे त्याच्या घराजवळ मोठ्या वयाच्या विशेष मुलांची कार्यशाळा होती. कागदी पिशव्या करायच्या, पणत्या रंगवायच्या. तिचा जीव तिथे रमला. मी दर महिन्याला ५,००० रुपये पाठवू लागलो. आणि दर जुलैत, मागच्या वर्षीचं रिटर्न समोर ठेवून, त्यातला ८०डीडीचा आकडा जसाच्या तसा उतरवत राहिलो. मनात पापही नव्हतं आणि विचारही नव्हता.

जुलै २०२४ मध्ये फॉर्ममध्ये नवे रकाने आले. अवलंबून असलेल्या व्यक्तीचं नातं, पॅन किंवा आधार, आणि असल्यास अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाचा नंबर. कार्ड नाशिकला होतं. मी भावाला फोन लावला.

"अरे, बेबीच्या कार्डाचा नंबर सांग जरा."

"कशाला?"

"रिटर्नमध्ये विचारतायत."

"दादा, तुझ्या रिटर्नमध्ये कशाला? मी भरतो ना ते दरवर्षी."

मग फोनवर काही वेळ कोणीच बोललं नाही. तो म्हणाला, "ती तीन वर्षं माझ्याकडे आहे." त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, "आणि मी दर महिन्याला पाठवतो ते कशाचे?" त्याने फोन ठेवला. मी कार्डाचा रकाना रिकामा ठेवला, आधार नंबर माझ्याकडे होताच तो टाकला आणि ३१ जुलैच्या आत रिटर्न भरून मोकळा झालो. त्यानेही भरलं. दोन रिटर्नमध्ये एकच बेबी, एकच आधार नंबर.

ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमा आली. आम्ही भाऊ बोलत नव्हतो, पण बेबीला ते कोण सांगणार? ती वहिनीच्या फोनवरून रोज विचारायची, "दादा कधी?" शेवटी गेलो. राखी बांधून झाली, जेवणं झाली. भिंतीवर कॅलेंडर होतं. भावजयीने त्याच्यावर बेबीच्या सगळ्या खुणा केलेल्या: कार्यशाळेची फी ४,०००, फिट्सच्या गोळ्या २,२००, दुपारी सांभाळायला येणाऱ्या बाई ७,०००. डॉक्टरांच्या तारखा निराळ्या, कोणी नेलं तेही लिहिलेलं. नुसती या तिन्हींची बेरीज १३,२००. जेवणखाण, कपडे, रात्रीची जागरणं त्यात धरलेलीच नाहीत. माझे ५,००० त्यातच येत होते.

कायदा म्हणतो, अवलंबित म्हणजे पूर्णतः किंवा मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती. बँकेत ३४ वर्षं मी लोकांना अटी वाचून दाखवल्या, पण 'मुख्यतः' हा शब्द स्वतःसाठी कधी वाचला नव्हता. एक माणूस एकाच वेळी दोघांवर मुख्यतः अवलंबून असू शकत नाही. उत्तर त्या कॅलेंडरवर होतं.

खरं सांगतो, ती सवलत सोडताना १५,६०० रुपयांचं वाईट वाटलंच. माझ्या २० टक्क्यांच्या टप्प्यात ७५,००० वर १५,००० कर आणि ४ टक्के उपकर मिळून तेवढे वाचत होते. पण त्याहून जड गेलं ते निराळंच. आई जाताना बेबीचा हात माझ्या हातात देऊन गेली होती. आणि आता ती माझ्यावर अवलंबून नाही, असं मला सरकारी कागदावर लिहून द्यायचं होतं. घरोघरच्या भांडणात आकडा रुपयांचा असतो, पण दुखत असतं ते हे.

आता ते निस्तरलं कसं, तेही सांगतो, कारण कामाचं आहे. २०२४-२५ या आकारणी वर्षाचं रिटर्न नुकतंच भरलेलं होतं, म्हणून ते सुधारून भरलं. तेव्हा सुधारित रिटर्न त्या आकारणी वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत भरता येत होतं. त्याला दंड पडला नाही, फक्त राहिलेला कर भरला. मागची दोन वर्षं मात्र ती मुदत उलटून गेली होती. तिथे 'अद्ययावत रिटर्न' भरावं लागलं, ज्याला आयटीआर-यू म्हणतात. त्यात कराशिवाय जादा रक्कम द्यावी लागते. आकारणी वर्ष संपून बारा महिन्यांच्या आत असेल तर २५ टक्के, चोवीस महिन्यांच्या आत असेल तर ५० टक्के. म्हणजे एका वर्षाचे १५,६०० चे १९,५०० झाले आणि दुसऱ्याचे २३,४००. मिळून ४२,९००. ज्येष्ठ नागरिक आणि धंद्याचं उत्पन्न नाही, म्हणून आगाऊ कराचं व्याज तेवढं टळलं. आता २०२५ च्या अर्थसंकल्पापासून ही मुदत ४८ महिन्यांची झाली आहे, पण तिसऱ्या वर्षी जादा रक्कम ६० टक्के आणि चौथ्या वर्षी ७० टक्के होते. जितकं लवकर कबूल कराल तितकं स्वस्त.

आणि कबूल केलं नाही तर? नोटीस आली आणि उत्पन्न कमी दाखवल्याचं ठरलं, तर कलम २७०ए खाली त्या कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर २०० टक्के. "ऑफिसने फॉर्म १६ मध्ये दिली होती" हे तिथे चालत नाही. रिटर्नखाली सही आपली असते.

आता तुमच्या घरांकडे येतो. टेबलावर येणारे प्रश्न मी तीन गटांत लावतो. हे सगळं जुनी करप्रणाली घेणाऱ्यांसाठी आहे, कारण नव्या प्रणालीत ८०सी, ८०डी, ८०डीडी यातलं काहीच मिळत नाही. नवी प्रणाली २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आपोआप लागू होते, जुनी हवी तर निवडावी लागते. तेव्हा भांडायच्या आधी दोघांनी एकमेकांना विचारा, "तू जुन्यात आहेस की नव्यात?" गेल्या जुलैत दोन भाऊ तावातावाने आले होते. पाहिलं तर थोरल्याची प्रणाली नवी. त्याला ती सवलत घेताच येत नव्हती. चहा पिऊन दोघं बरोबर लिफ्टने वर गेले.

पहिला गट: पैसे ज्याचे, सवलत त्याची. आईवडिलांचा आरोग्य विमा यात येतो, कलम ८०डी. इथे आईवडील तुमच्यावर अवलंबून असायची अटच नाही. वडिलांना पेन्शन असली तरी चालते. आईवडील साठीपुढचे असतील तर मर्यादा ५०,०००, आणि ती प्रत्येक मुलाला, मुलीला वेगळी आहे. अट एवढीच की हप्ता स्वतः भरलेला हवा आणि रोखीने नको. मग दोन भावंडांत भांडण कशाला? एकाने वडिलांचा हप्ता भरावा. आईला वय आणि आजारामुळे कोणी विमाच देत नसेल, तर तिच्या औषधपाण्याचा खर्च दुसऱ्याने आपल्या खात्यातून करावा. ज्येष्ठ व्यक्तीचा विमा नसेल तर हा खर्चही त्याच मर्यादेत वजा मिळतो. दोघांचे कागद वेगळे, दोघांचा हक्क वेगळा. चुकतं कुठे, तर हप्ता एकच असतो आणि तो दोघं दाखवतात. किंवा बहीण पैसे देते, भाऊ कार्ड घासतो, आणि मग सवलतही भाऊच घेतो.

इथे जावयांसाठी आणि सुनांसाठी एक सूचना. सासूसासऱ्यांचा हप्ता तुम्ही भरलात तर पुण्य मिळेल, ८०डी मिळणार नाही. ज्यांचे ते आईवडील आहेत त्यांच्याच खात्यातून भरा. लेकीने आपल्या पगारातून आईचा हप्ता भरला तर तिचा हक्क मुलाइतकाच आहे. "ती सासरी गेली" असं आयकर कायदा म्हणत नाही.

मुलांच्या शाळेची फीही याच गटात, कलम ८०सी. आईला दोन मुलांपर्यंत, वडिलांना दोन मुलांपर्यंत. फक्त शिकवणी शुल्क, देणगी आणि विकास निधी नाही. दोघं कमावते असतील तर जो जेवढी भरेल तेवढी त्याने दाखवायची. एकाच पावतीची झेरॉक्स दोन ऑफिसांत देऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिसला पुरावे द्यायची घाई असते, तेव्हाच हे घडतं. नवरा एका गठ्ठ्यातून उचलतो, बायको दुसऱ्या.

दुसरा गट: माणूस ज्याच्या आधाराने जगतो, सवलत त्याची. ८०डीडीचं सांगितलंच. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं अशा ठरावीक आजारांच्या उपचारासाठी ८०डीडीबी आहे. प्रत्यक्ष केलेला खर्च, ४०,००० पर्यंत, रुग्ण ज्येष्ठ असेल तर १,००,००० पर्यंत, आणि विम्यातून परत मिळालेले पैसे त्यातून वजा. इथे अवलंबून असणं लागतंच. ज्यांना स्वतःचं चांगलं पेन्शन आहे त्या वडिलांना अवलंबित म्हणणं कठीण. आणखी एक, अपंग व्यक्ती स्वतःचं रिटर्न भरून कलम ८०यू खाली सवलत घेत असेल तर भावांपैकी कोणालाच ८०डीडी मिळत नाही. हेही घरात आधी विचारा.

तिसरा गट उलटा आहे. इथे दोघांनाही नको असतं. अज्ञान मुलाच्या नावावर आजोबांनी ठेव ठेवली, तिचं व्याज कोणाच्या उत्पन्नात? इथे मात्र कायद्याने निकाल स्वतःच दिला आहे. आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात. ते विभक्त झाले असतील, लग्न टिकलेलं नसेल, तर जो मुलाला सांभाळतो त्याच्या. एकदा एकाच्या उत्पन्नात धरलं की पुढच्या वर्षीही त्याच्याच. अधिकाऱ्याला बदल करायचा तर दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

सवलतींच्या बाबतीत असा निकाल देणारा नियम आपल्याकडे नाही. मला वाटतं त्यामुळेच आपण तो घरात द्यायला हवा. आपल्या सोसायटीतली पुष्कळ मुलं अमेरिकेत आहेत, त्यांना विचारा. तिथे आई किंवा वडिलांना भावंडं मिळून सांभाळत असतील, एकट्याचा खर्च निम्म्याहून जास्त नसेल, पण सगळ्यांचा मिळून असेल, तर ज्याचा वाटा १० टक्क्यांहून जास्त आहे अशांपैकी एकाने त्या वर्षी सवलत घ्यायची आणि तशाच बाकीच्यांनी आपण घेत नाही असं सही करून द्यायचं. त्यासाठी फॉर्म २१२० म्हणून छापील फॉर्मच आहे. भावंडांच्या समेटाला सरकारी फॉर्म! मात्र इथे राहणाऱ्या आईवडिलांना तिथल्या रिटर्नमध्ये अवलंबित दाखवता येत नाही. त्यासाठी ते अमेरिकेचे नागरिक किंवा तिथले, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोचे रहिवासी असावे लागतात. तेव्हा इकडे भाऊ आणि तिकडे बहीण असा घोळ घालू नका.

आपल्याकडे फॉर्म नसला तरी कागद आणि पेन आहे. राखीच्या त्या दुपारी आम्ही एक पान लिहिलं. आता मी सगळ्यांना तेच सांगतो. पाच रकाने आखा. कोणासाठी, कसला खर्च, कोण भरणार, कोणत्या खात्यातून, कोण दाखवणार. हे पान जुलैत लिहून उपयोग नाही, कारण तोवर पैसे कोणाच्या तरी खात्यातून गेलेले असतात. एप्रिलमध्ये लिहा. गुढीपाडव्याला घरं एकत्र जमतात, तेव्हा लिहा. ज्याचा कर जास्त वाचतो त्याने सवलत घ्यावी असं वाटत असेल तर खर्चही खरोखर त्यानेच करावा. खर्च एकाचा आणि कागद दुसऱ्याचा, असं करू नका. आणि पानाखाली सगळ्यांच्या सह्या घ्या, वहिनींच्या आणि बहिणींच्याही, कारण कॅलेंडरवर खुणा त्या करतात.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा आयकर कायदा लागू. कलमांचे आकडे त्यात बदलले आहेत, मी आज सांगितलेले नंबर १९६१ च्या कायद्याचे आहेत, तेव्हा ते पाठ करू नका. पान तेवढं लिहा.

बेबीचं सांगून थांबतो. आता ती भावाच्या रिटर्नमध्ये आहे. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात, त्याचे २३,४०० वाचतात. मी अजून पैसे पाठवतो, पण आता थेट कार्यशाळेला फी म्हणून, आणि त्यावर काही दाखवत नाही. माझे ४२,९०० गेले तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, निम्मे मी देतो." मी घेतले नाहीत. थोरला आहे, एवढं तरी माझ्याकडे राहू दे.

या वर्षी दिवाळीत बेबी आपल्याकडे येणार आहे. तिने रंगवलेल्या पणत्या रौप्यमहोत्सवाच्या रांगोळीभोवती लावायचं कमिटीने कबूल केलं आहे. ती गेटजवळच्या बाकावर बसेल. गाडी आत घेताना तिला हात करायला विसरू नका.

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. भेटूच, जुलैत.